डब्यावर बाळ का नाही?

परवा ताईच्या बाळासाठी दूध पावडर आणायला वसईतल्या मेडिकलमध्ये गेलो. डब्यावर बाळाचा फोटोच नाही! उलट ठळक अक्षरांत, आईचं दूध सर्वोत्तम. स्वतःच्याच मालाविरुद्ध कुठली कंपनी लिहिते?

घरी येऊन शोधलं. १९९२ चा कायदा: जाहिरात बंद, फोटो बंद, फुकट सॅम्पल बंद. त्याआधी असंच खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं राम नाईकांनी. म्हणजे तेव्हाचे आमचेच खासदार. वसई तेव्हा उत्तर मुंबईत होती.

पगारातून टॅक्स कापला की मी चरफडतो, "हे लोक दिल्लीत करतात काय?" पण खासदाराचं एक भाषण कधी वाचलंय?

ताई मात्र डबा वाचून हिरमुसली. दूध पुरत नाही ना तिला. म्हटलं, "अगं, हा दम तुला नाही, विकणाऱ्याला आहे!"