ऊब

मराठवाडा म्हटले की पुण्यामुंबईच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर ऊन, दुष्काळ आणि २०१६ साली रेल्वेने लातूरला आलेले पाणी एवढेच उभे राहते. इथे थंडीही पडते म्हटले की ती हसतात. अशा मंडळींनी मार्गशीर्षातल्या एखाद्या पहाटे माझ्या मोटारसायकलवर मागे बसून नांदेडहून लातूरला यावे. लोहा येईपर्यंत हसणे थांबते. कारण ओठच हलत नाहीत!

माझी नोकरी नांदेडला, आई लातूरला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली, त्यात आमचे लातूरचे घर उभे राहिले, पण आईची पहाटेची झोप कायमची गेली. तेव्हापासून ती चारला उठून बसते. रविवारी तर दारातच बसते, माझी वाट पाहत. म्हणून मी अंधारातच निघतो. एस. टी. आहे, पण तिच्या वेळेवर निघावे तर गाडी आपली हवी.

मागच्या वर्षी माळेगावच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यात आली. मी ब्रेक दाबायला गेलो, तर उजव्या हाताची बोटे मिटेचनात. दोन हातमोजे होते, तरी बोटे लाकडासारखी! गाडी घसरत कडेच्या चारीत गेली. म्हैस शांतपणे निघून गेली. मला खरचटण्यावर निभावले. आईला मी हे सांगितले नाही. वाचकहो, तुम्हीही सांगू नका.

ही हकीकत कॅनडातल्या पुतण्याला कळली आणि त्याने विजेने तापणारे जाकीट व हातमोजे पाठवले. हे काही आजचे खूळ नव्हे. पहिल्या महायुद्धात उघड्या विमानांतून उडणारे वैमानिक असे कपडे घालीत. अस्तरात बारीक तारा असतात. त्यांतून वीज गेली की त्या तापतात, इस्त्रीसारख्या, पण बेताने.

सगळे घेऊन मी आमच्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी जाकीट उलटेपालटे करून पाहिले, त्यावरचा आकडा वाचला आणि विचारले, "गुरुजी, गाडी चालवायची का जाकीट?"

हिशेब सोपा होता. बॅटरी बारा व्होल्टची. जाकीट सात अँपिअर ओढणार, म्हणजे चौऱ्याऐंशी वॅट. गाडी जी वीज तयार करते तिच्यातून हेडलाइट आणि इंजिनाची ठिणगी भागायची. उरलेल्यात एवढे बसणार नाही. हातमोजे मात्र दोन अँपिअरचे. जाकिटाची घडी घालून मी पिशवीत ठेवले.

मग कंट्रोलर गाडीतच कायमचा बसवायचे ठरले. मिस्त्रींनी बॅटरीच्या धन टोकापासून तार काढली आणि अगदी टोकाजवळ पाच अँपिअरचा फ्यूज घातला. "तार कुठं घासली तर फ्यूज जळावा, गुरुजी जळू नयेत." पुढे रिले, तोही चावीच्या तारेवर, म्हणजे चावी काढली की सगळे बंद, आणि विसरभोळ्या मास्तरची बॅटरी शाबूत! तारा सायलेन्सरपासून दूर नेल्या. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून त्या ताणत नाहीत ना, हे पाहिले. बटन डाव्या हाताला, कारण उजवा हात ॲक्सिलरेटरवर गुंतलेला. हे बटन विजेचा दाब कमी करीत नाही. वीज भराभर चालू-बंद करते. निम्म्यावर ठेवले तर निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद. शेजारी एक छोटा व्होल्टमीटर बसवला. गाडी चालू असता काटा साडेबाराच्या खाली रेंगाळू लागला, तर बटन कमी करायचे.

त्या रविवारी गोदावरीचा पूल ओलांडला तेव्हा नदीवर धुके होते. काटा तेराच्या वर स्थिर. लोह्याच्या चहावाल्याने शेगडी पुढे सरकवली.

"गुरुजी, आज हात शेकायचे न्हाईत का?"

"शेकूनच आलो," मी म्हणालो. तो माझ्याकडे संशयाने पाहू लागला.

माळेगावला खंडोबाच्या यात्रेची तयारी चालली होती. वडिलांनी इथूनच एक घोंगडी आणली होती. ना बॅटरी, ना फ्यूज, आणि आजतागायत एकदाही बंद पडलेली नाही! त्या म्हशीच्या जागेपाशी मी मुद्दाम ब्रेक दाबून पाहिला. बोटे झटकन मिटली. अहमदपूर, चाकूर मागे पडले आणि उजाडले.

आई दारात होती, तीच घोंगडी पांघरून. मी पोचलो की माझे गारठलेले हात आपल्या हातांत घेऊन चोळायचे, हा तिचा वर्षानुवर्षांचा रिवाज. आजही तिने हात पुढे केले, माझे हात धरले आणि एकदम थबकली.

"अरे, तुझे हात तर ऊन आहेत!"

तिच्या आवाजात आनंद होता, पण कुठेतरी आपले काम हिरावल्याची खंतही होती. तेव्हा मला पहिल्यांदाच कळले, की तिचेच हात बर्फासारखे गार होते. इतक्या वर्षांत माझ्या गारठ्यामुळे ते मला कधी जाणवलेच नव्हते. ती चारपासून दारात बसत होती ना!

मी शेजारी बसलो आणि तिचे दोन्ही हात माझ्या हातांत धरून ठेवले. पुढच्या रविवारी येताना पिशवीतले जाकीट आणि घरच्या विजेवर चालणारा बारा व्होल्टचा अडॅप्टर घेऊन गेलो. मिस्त्रींना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "आता लोड बरोबर जागी लागला, गुरुजी."