नामावली संपेपर्यंत

गेल्या हिवाळ्यात शिकागोजवळ मुलाच्या घरी एका संध्याकाळी नातवाबरोबर टीव्हीसमोर बसले होते. जुन्या मालिका पुन्हा दाखविणाऱ्या एका वाहिनीवर ‘गनस्मोक’चा एक भाग संपत आला होता. ओळखीचे सूर उमटले, नावांच्या पाट्या सुरू झाल्या आणि नातवाचा हात रिमोटकडे गेला.

“थांब रे, अजून संपलं नाही,” मी म्हणाले.

“संपलं की, आजी! आता नुसती नावं आहेत.”

नुसती नावे! त्या दोन शब्दांनी मला पन्नास वर्षे मागे नेले.

1972 च्या शरद ऋतूत मी परिचारिका म्हणून वसईहून शिकागोला आले. एका पोलिश विधवेच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही पतिपत्नी भाड्याने राहत होतो. आमच्याकडे टीव्ही नव्हता. सोमवारी संध्याकाळी सात वाजता, मी रात्रपाळीला निघण्याच्या आधी, घरमालकीणबाई मला खाली बोलावीत. त्या वेळी ‘गनस्मोक’ लागे. कॅन्सस राज्यातील डॉज सिटी, तिचा उंचापुरा मार्शल मॅट डिलन, तिरसट पण मायाळू डॉक्टर, ‘लाँग ब्रँच’ पेयगृहाची मालकीण किटी ही मंडळी 1955 पासून अमेरिकन घरांतून वावरत होती. मला इंग्रजी येत असे. पण त्या गुराख्यांचे उच्चार निम्मे डोक्यावरून जात. बाई मध्येच अर्थ सांगत.

कथा संपली की मी उठू लागे. पहिल्याच सोमवारी बाईंनी मला हाताने खाली बसविले. त्या म्हणाल्या, “या लोकांनी आपल्यासाठी काम केलं आहे. त्यांच्या आधी उठायचं नाही.” मग आम्ही दोघी ती नावे वाचत बसत असू. लेखक, दिग्दर्शक, छायाचित्रकार, संकलक, वेशभूषा, रंगभूषा, केशरचना. संगीत वाजत राही आणि माणसांमागून माणसे येऊन नमस्कार करून गेल्यासारखी निघून जात.

बाईंना या शेवटांचा मोठा लळा. ‘बोनान्झा’ ही 1959 साली सुरू झालेली रंगीत मालिका मी आले तेव्हा अखेरच्या घटका मोजत होती. तिच्यातील धिप्पाड हॉसचे काम करणारे डॅन ब्लॉकर त्याच वर्षी मे महिन्यात वारले होते. बाई त्यांच्याविषयी सख्ख्या भाच्याविषयी बोलावे तशा बोलत. जानेवारी 1973 मध्ये ती मालिका थांबली. रॉय रॉजर्स आणि त्यांच्या पत्नी डेल इव्हान्स आपल्या कार्यक्रमाच्या अखेरीस प्रेक्षकांना निरोपाचे गीत गाऊन दाखवीत, ते डेलबाईंनीच रचलेले होते, हेही मला बाईंकडूनच कळले. ‘हॅव गन, विल ट्रॅव्हल’च्या अखेरीस पाट्यांबरोबर जॉनी वेस्टर्न यांनी गायिलेला पॅलाडिनचा पोवाडा येई, भांडी विसळताना बाई तो गुणगुणत. बंदुकांचे बार त्या विसरल्या होत्या, निरोप मात्र सारे पाठ होते.

मला त्या नावांची गोडी लागण्याचे कारण वेगळे होते. आमच्या गावी सणाला नाटक होई. तिसऱ्या घंटेपूर्वी पडद्याआडून श्रेयनामावली वाचली जाई. नेपथ्य, रंगभूषा, प्रकाश आणि सर्वांत शेवटी, पडदा. तो पडदा माझे बाबा ओढीत. दिवसभर केळीच्या बागेत राबलेला माणूस रात्री दोरी धरून विंगेत उभा राही. नाटक त्याला समोरून कधी दिसलेच नाही. आई पुढच्या चटईवर बसून ते एक नाव कानी पडेपर्यंत श्वास रोखून धरी.

शिकागोतल्या त्या पाट्यांतही मी पडदा ओढणाऱ्याला शोधीत असे. तो सापडत नसे. त्या काळी मुख्य कलावंतांची आणि निरनिराळ्या विभागप्रमुखांची नावे पडद्यावर येत. लेखक-दिग्दर्शकांच्या संघटनांचे त्याबाबत करारही होते. परंतु सुतार, वायरमन, घोड्यांची निगा राखणारे, नायकाऐवजी घोड्यावरून कोसळणारे यांच्या वाट्याला ती पाटी क्वचितच येई.

एप्रिल 1975 मध्ये तार आली. बाबा गेले होते. तार हाती पडली तोवर दफनही उरकले होते. विमानाचे भाडे आमच्या कुवतीबाहेरचे, आणि गेले तरी कोणाला भेटणार? मी वरच्या खोलीत बसून राहिले. पुढच्या सोमवारी घरमालकीणबाई स्वतः जिना चढून आल्या आणि मला हात धरून खाली घेऊन गेल्या. ‘गनस्मोक’चा जुनाच भाग लागला होता. नवा भाग 31 मार्चला दाखविला गेला, तो अखेरचा ठरला. वीस वर्षे आणि 635 भागांनंतर ती मालिका निरोपाचा एकही खास भाग न होता बंद पडली. शेवटच्या भागाचे चित्रण करताना कलावंतांनाही तो शेवटचा आहे याची कल्पना नव्हती.

त्या संध्याकाळी पाट्या सुरू झाल्या आणि माझा बांध फुटला. बाई काही बोलल्या नाहीत. शेवटचे नाव गेल्यावर त्यांनी उठून टीव्ही बंद केला आणि विचारले, “तुझ्या वडिलांचं नाव काय होतं?” मी सांगितले. ते त्यांना नीट उच्चारता येईना. त्यांनी ते तीनदा म्हणवून घेतले आणि मग स्वतः म्हटले. मला वाटते, बाबांना मी तेव्हा निरोप दिला. त्यांच्या कबरीपाशी उभे राहण्याचा योग पुढे दोन वर्षांनी आला.

आज पाट्यांना कोणी थारा देत नाही. 1994 साली एनबीसी वाहिनीने त्या पडद्याच्या एका कडेला दाबल्या आणि उरलेल्या जागेत पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात मांडली. कारण नावे दिसू लागली की प्रेक्षक वाहिनी बदलतो. इतर वाहिन्यांनीही तोच कित्ता गिरविला. आता तर नावे वाचण्यापूर्वीच पुढचा भाग आपोआप सुरू होतो. यात कोणाचा दुष्टावा आहे असे मी म्हणत नाही. मीही तरुणपणी उठूनच जात होते. कोणीतरी हात धरून बसविले म्हणून थांबले, एवढेच.

नातवाला मी त्या संध्याकाळी यातले थोडेसे सांगितले. पणजोबांचे नाव सांगितले. त्याने रिमोट मांडीवर ठेवला. कडेला दाबलेल्या बारीक अक्षरांतून आम्ही जमतील तेवढी नावे वाचली. ती संपल्यावर त्याने विचारले, “आजी, पडदा ओढायला खूप ताकद लागते का गं?”