हा घाम तिच्या मर्जीचा

आमची लेक डोंगरात सायकलच्या शर्यतीत उतरते, ही गोष्ट आम्ही बरीच वर्षे चाळीत कोणाला सांगितली नव्हती. लेक अमेरिकेत नर्स आहे, एवढेच सांगायचो. तेवढे सांगताना मान ताठ व्हायची. सायकलचे सांगायची मात्र लाज वाटे. लोक म्हणतील, कर्ज काढून शिकवली आणि पोरगी चाळिशीला आली तरी सायकली फिरवते!

आम्ही म्हणजे आम्ही दोघे, तिचे आई-दादा. एकाने परळच्या गिरणीत साचाखात्यात बदली कामगार म्हणून काम केले, दुसरीने लोकांच्या घरची धुणीभांडी करून तीन मुले वाढवली. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्यातला गिरणीवाला पुन्हा कधी आत गेला नाही. पुढे पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. बसचे पैसे वाचवायला तो परळहून वांद्र्यापर्यंत पायी जायचा आणि रात्रभर उभे राहून पायीच परत यायचा. अशा घरात अंग मेहनतीने झिजते हे सगळ्यांना ठाऊक असते. मजेसाठी कोणी अंग झिजवते, हे आमच्या डोक्यात बसणारे नव्हते.

२०२४ च्या उन्हाळ्यात लेकीने आम्हाला तिकडे बोलावले. ती कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरात राहते. २०२० साली करोनाच्या वॉर्डात तिने जे पाहिले, त्यानंतर तिला रात्रीची झोप येईना. तेव्हा एका सोबतिणीने तिला डोंगरातल्या पायवाटांवर सायकल चालवायला नेले. त्या दिवशी घरी येऊन ती दहा तास झोपली, असे तिने फोनवर सांगितले होते. आम्ही ऐकून घेतले आणि विषय बदलला.

तिची सायकल आपल्याकडच्या दूधवाल्याच्या सायकलीसारखी नाही. टायर जाड, पुढे धक्के झेलणारा स्प्रिंगचा दांडा, वजनाला हलकी. किंमत विचारली आणि आम्ही गप्प बसलो. तेवढ्यात गावाकडच्या घरावर पत्रे चढले असते.

जुलैत तिची पहिली शर्यत होती, पन्नास मैलांची. गावाचे नाव लेडव्हिल. डेन्व्हरहून मोटारीने दोन तासांवर. गाव समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून उंच आहे. आपले कळसूबाई शिखर ५,४०० फूट. म्हणजे जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक ठेवावीत, तिथे हे लोक शाळा, दुकाने आणि घरे थाटून राहतात. तेवढ्या उंचीवर हवा विरळ असते. मुंबईत एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याच्या सुमारे एक तृतीयांश कमी तिथे मिळतो. आम्ही दोन जिने चढलो आणि डोके ठणकू लागले. लेक मात्र पन्नास मैल सायकल मारून आली. कोपर सोलून निघाले होते, तोंड धुळीने भरले होते आणि दात तेवढे चमकत होते. आई रागावली, "हे करायला आलीस का साता समुद्रापलीकडे?" ती हसली. "आई, आधी भात दे."

जेवताना तिने त्या गावाची हकिगत सांगितली, आणि आमच्यातला गिरणीवाला घास तोंडात तसाच ठेवून ऐकत राहिला. लेडव्हिल हे खाणकामगारांचे गाव. आधी चांदी, नंतर पोलाद कणखर करायला लागणारे मॉलिब्डेनम. गावाजवळ क्लायमॅक्स नावाची मोठी खाण होती. ती १९८२ साली बंद झाली. तीन हजारांच्या आसपास माणसे बेकार झाली. म्हणजे इकडे आमच्या गिरणगावात चूल विझत होती, त्याच साली तिकडे गोऱ्या खाणकामगारांच्या घरातही तेच चालले होते. तेव्हा त्या खाणीतल्याच केन क्लोबर नावाच्या माणसाने १९८३ साली शंभर मैल धावण्याची शर्यत सुरू केली. माणसे येतील, राहतील, चार पैसे गावात पडतील, हा हिशेब. १९९४ पासून त्याच धर्तीवर सायकलची शंभर मैलांची शर्यत होऊ लागली. आज ती जगभर नावाजलेली आहे. खाण २०१२ साली पुन्हा उघडली, पण गावातली कितीतरी माणसे अजून रोज घाट ओलांडून पलीकडच्या श्रीमंत गावांत हॉटेलांच्या आणि साफसफाईच्या कामाला जातात. शर्यतीने गाव सुखी झाले असे नाही. गाव उठले नाही, एवढे मात्र खरे.

त्या रात्री आमच्यातला गिरणीवाला एवढेच म्हणाला, "आपल्याकडे चिमण्या पाडून मॉल झाले." त्यानंतर मात्र सायकलच्या किमतीवर तो पुन्हा बोलला नाही.

जुलैची शर्यत झाल्यावर पायांना विश्रांती हवी होती. पण आमच्या लेकीची विश्रांतीही वेगळीच! लेडव्हिलजवळ ट्विन लेक्स नावाची दोन तळी आहेत. बाजूला कोलोरॅडोतले सर्वांत उंच शिखर, माउंट एल्बर्ट, १४,४०० फुटांहून उंच. तिथे तिने पिशवीतून रबरी गुंडाळी काढली आणि पंपाने हवा भरली. दहा-अकरा फूट लांब आणि हातभर रुंद अशी टणक फळी तयार झाली. तिला पॅडलबोर्ड म्हणतात. त्यावर उभे राहायचे, एकच लांब वल्हे हातात धरायचे आणि कधी डावीकडून, कधी उजवीकडून पाणी मारत जायचे. सुरुवात गुडघ्यांवर करायची. मग फळीच्या मधल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून, गुडघे सैल सोडून उभे राहायचे. नजर पायांकडे नाही, समोर ठेवायची. फळीची दोरी घोट्याला बांधायची, म्हणजे पडले तरी फळी दूर जात नाही. असे केल्याने पोट, पाठ आणि खांदे बळकट होतात, तेच घाटात सायकलवर कामाला येतात, असे तिचे म्हणणे.

"आई, चल, पुढे बस," ती म्हणाली.

आम्हाला दोघांनाही पोहता येत नाही. गावात पोहायला शिकायच्या विहिरी होत्या, पण त्या आमच्या वाडवडिलांसाठी नव्हत्या. जिथे घोटभर पाण्याला मज्जाव, तिथे उडी कोण मारू देणार? त्यामुळे पोहण्याची विद्या आमच्या घरात कधी आलीच नाही. लेकीने सांगितले की अमेरिकेतही काळ्या लोकांना एकेकाळी गोऱ्यांच्या तलावांत उतरू देत नसत. ती स्वतः तिकडे जाऊन, नोकरी करता करता, मोठ्या वयात पोहायला शिकली.

आईने तरंगते जाकीट घातले आणि जीव मुठीत धरून ती पुढे बसली. सकाळची वेळ होती, पाणी आरशासारखे. दोघी दूर गेल्या. काठावर बसलेल्या दादांना लेकीची सावली पाण्यावर चालताना दिसत होती. परतायला उशीर झाला आणि घोटाळा झाला. त्या डोंगरांत दुपार झाली की वारा उठतो, ढग येतात, विजा पडतात. जाताना वारा पाठीवर होता हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. येताना तो तोंडावर आला. उभे राहिलेले अंग शिडासारखे वारा पकडू लागले. फळी पुढे जाण्याऐवजी मागे सरकू लागली. पाणी बर्फ वितळून आलेले, हात घातला तरी बधिर होईल असे.

लेक घाबरली नाही. ती गुडघ्यांवर बसली, वल्हे आखूड धरले आणि समोर न जाता तिरकी, जवळच्या काठाकडे निघाली. आई म्हणाली, "उभी राहा ना, जोर येईल." लेक म्हणाली, "आई, वाऱ्यात उभे राहणाऱ्याचा जोर वाऱ्यालाच मिळतो. खाली बसायला कमीपणा नाही." पाऊण तासाने दोघी काठाला लागल्या. मागे गडगडत होते. दादा काठाकाठाने धावत आले होते आणि त्यांना धाप लागली होती. कोणी कोणाला रागावले नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी मोठी शर्यत. शंभर मैल म्हणजे १६० किलोमीटर, मुंबई-पुण्याहून थोडे जास्तच, पण डोंगरातल्या कच्च्या वाटांनी. एकंदर चढण सुमारे अकरा हजार फूट. बारा तासांच्या आत येईल त्याला कमरपट्ट्याचे बक्कल मिळते. मधल्या ठाण्यांवरही वेळेची मर्यादा असते. उशीर झाला की तिथेच थांबवतात. मागच्या वर्षी तिला असेच थांबवले होते. तेव्हा फोनवर आम्ही म्हणालो होतो, "बरे झाले, सुटलीस!" ते बोलणे तिला किती लागले असेल, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

पहाटे कडाक्याची थंडी. साडेसहाला बंदुकीचा बार झाला आणि हजारावर सायकली रस्त्याला लागल्या. आम्ही मोटारीने पुढे जाऊन ट्विन लेक्सच्या धरणावर बसलो. तिथे चाळीस मैल होतात. आम्ही पाण्याच्या बाटल्या, मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि मऊ भाताचे मुठीएवढे गोळे घेऊन तयार. ती आली, दोन गोळे तोंडात कोंबले, एक खिशात टाकला आणि निघाली. पुढे कोलंबाइन खाणीची चढण, तीन हजार फुटांहून जास्त. वर साडेबारा हजार फुटांच्या आसपास जुनी खाण आहे. तिथून वळून पुन्हा याच धरणावर साठ मैलांना यायचे. वरच्या टप्प्यात बहुतेक सगळे सायकल ढकलत, मुंग्यांच्या रांगेसारखे चालतात.

ती परत आली ती नऊ मिनिटे उशिरा.

माणसांनी हात आडवा केला. सौजन्याने, पण आडवाच. ती उतरली आणि सायकलच्या दांड्यावर डोके टेकवून उभी राहिली. आमच्यातल्या गिरणीवाल्याचा तोल गेला. तो मराठीतच ओरडू लागला, "नऊ मिनिटांसाठी? नऊ मिनिटांसाठी पोरीला अडवता?" आम्हाला ठाऊक होते, तो त्या माणसांशी बोलत नव्हता. भोंगा झाल्यावर बंद झालेल्या गिरणीच्या दाराशी तो बोलत होता. पाच मिनिटे उशीर झाला की बदलीवाल्याचा दिवस गेला, आणि दिवस गेला की रात्री घरात डाळ नाही.

लेकीने त्याचा हात धरला. "दादा, तुमचे दार बंद व्हायचे तेव्हा घरची चूल पेटायची नाही. हे दार बंद झाले तरी मी आज पोटभर जेवणार आणि सोमवारी कामावर जाणार. तुम्हाला दमावेच लागायचे. मी दमायचे की नाही, ते माझे मी ठरवते. एवढे तुमच्या चालण्याने मला मिळवून दिले."

मग खिशातला चेंगरलेला भाताचा गोळा काढून तिने तिघांत वाटला. आम्ही धरणाच्या भिंतीवर बसून तो खाल्ला. समोर तेच तळे होते.

वाचकहो, त्या दिवसापासून आम्ही विचार करतो आहोत. मेहनत आपल्या माणसांना कोणी शिकवायला नको. पोटासाठी, दुसऱ्याच्या भोंग्यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला. तो घाम कमी मोलाचा नाही. पण स्वतःच्या मर्जीने, स्वतःचे बळ जोखण्यासाठी घाम गाळायचाही माणसाला हक्क आहे. तो हक्क मिळाला की हरण्याची भीती जाते. आमची लेक हरली, आणि तिच्या तोंडावर हरल्याची लाज नव्हती. आमच्या पिढीला ही चैन कधी मिळाली नाही.

एवढा खर्च सगळ्यांना जमणार नाही, हे खरे. अमेरिकाही नको आणि शंभर मैलही नकोत. सप्टेंबरात आम्ही परतलो तेव्हा शेजारची बारा वर्षांची पोर भावाची सायकल मागत होती आणि तिची आई म्हणत होती, "तुला कशाला? पडशील, हातपाय मोडून घेशील." पूर्वी आम्हीही हेच म्हणालो असतो. या वेळी आम्ही एक जुनी सायकल घेतली, साखळीला तेल घातले आणि चाळीच्या मोकळ्या जागेत तिला धरून धरून फिरवली. चौथ्या दिवशी आमच्यातल्या गिरणीवाल्याने हात सोडला. ती दोनदा पडली. तिसऱ्यांदा मैदानाच्या टोकापर्यंत गेली आणि तिथून ओरडली, "काका, सोडलंत ना?"

लेक पुढच्या वर्षी पुन्हा उतरणार आहे. आता चाळीत कोणी विचारले तर आम्ही सगळे सांगतो, नऊ मिनिटांसकट.