जुना सीडी प्लेअर आणि कानांची परीक्षा

तुमच्या घरी माळ्यावर एखादा जुना सीडी प्लेअर धूळ खात पडला असेल, तर तो भंगारवाल्याला देण्याआधी जरा थांबा.

सीडी बाजारात आली १९८२ साली. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून तिचे नियम ठरवले होते. गंमत म्हणजे सीडीवर गाणं नसतंच, नुसते आकडे असतात! एका सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० मापं, तीही डाव्या आणि उजव्या बाजूची वेगवेगळी. लेझरचा किरण हे आकडे वाचतो आणि एक आयसी त्यांच्या पुन्हा विजेच्या लहरी करते. इतकं काम स्वस्तातला प्लेअरही चोख करतो. मग आवाज बिघडतो कुठे? बऱ्याचदा कंडेन्सरमध्ये.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पण हौद भरलेला असला की घरात अडत नाही. कंडेन्सर म्हणजे विजेचा हौद. भिंतीतल्या प्लगमधून येणारी वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते. मोठा कंडेन्सर ती साठवून संथ करतो. त्याच्या आतला द्रव वर्षानुवर्षं सुकत जातो. ढोबळ हिशेब असा, की दर १० अंश उष्णता वाढली की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं. आणि परभणीचा उन्हाळा म्हणजे विचारायलाच नको! हौद आटला की गाण्यामागे 'घूंऽऽ' अशी घरघर लागते. गाण्याच्या वाटेवरचे छोटे कंडेन्सर सुकले, तर मृदंगाचा घुमारा पातळ होतो.

आमच्या प्लेअरचं हेच झालं होतं. माझ्या वडिलांनी गंगाखेडला गायलेल्या जनाबाईंच्या अभंगांची आमच्याकडे एकच सीडी आहे. वडील आता नाहीत. आईला ती ऐकायची असे, पण घरघरीत शब्दच कळत नसत. म्हणून आधी त्या सीडीची कॉम्प्युटरवर नक्कल करून ठेवली. मग लेन्स पुसली आणि मोठा कंडेन्सर बदलला. घरघर थांबली!

ते रेकॉर्डिंग एकाच माईकवर झालेलं, म्हणून डाव्या-उजव्या बाजूला आवाज अगदी सारखा. त्याचा फायदा घेतला. छोटे कंडेन्सर फक्त डाव्या बाजूचे बदलले आणि स्पीकर एकच ठेवला. आई पाठमोरी बसली. भाचा कधी डावी वायर जोडायचा, कधी उजवी. "सांग आजी, नवा कुठला?" नुसत्या अंदाजाने दहापैकी ५ बरोबर येतात. आईचे ९ आले! लगेच उजवी बाजूही बदलली.

भाच्याला मात्र महागडी आयसी हवी होती. ती बसवली की आवाज 'काचेसारखा' होतो, असं त्याने कुठंतरी वाचलं होतं. आमच्या प्लेअरमध्ये दोन्ही बाजूंना वेगळी आयसी होती, म्हणून तीही आधी एकाच बाजूला बसवली. पुन्हा परीक्षा. आईचे ५, भाच्याचेही ५! दुसरी आयसी आणायचीच नाही, असं ठरलं. उरलेल्या पैशांत नवे कंडेन्सर आणखी दोन प्लेअरना पुरले.

आई म्हणाली, "आता ह्यांचा श्वाससुद्धा ऐकू येतो."

तुम्हीही करून पाहा, पण झाकण जाणत्या मोठ्या माणसाबरोबरच उघडा. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. लेन्समध्ये डोकावू नका. नवा कंडेन्सर तितक्याच क्षमतेचा हवा, व्होल्ट तितकेच किंवा जास्त चालतात. अधिक-उणे टोकं नीट पाहून लावा.

आणि कुणी म्हणालं, "हे महाग आहे, म्हणजे चांगलंच असणार," तर त्याला पाठमोरं बसवा आणि दहा वेळा विचारा!