तांबटाचे दुसरे नाव

राजारामपुरीत गल्ल्या आकड्यांनी ओळखल्या जातात. पत्ता सांगायला ते सोयीचे. पण आकड्यावरून गल्लीचा स्वभाव कळत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी मात्र एखाद्या उंच झाडाच्या शेंड्यावरून ‘टुक्, टुक्, टुक्’ असा एकसुरी ठोका सुरू होतो आणि गल्ली कितवीही असो, तेवढ्यापुरती ती तांबटाची होते. चिमणीहून थोडा मोठा, हिरव्या अंगाचा, लाल कपाळाचा हा पक्षी पानांत सहसा दिसत नाही. मराठीने त्याला कानांनी ओळखले आणि तांब्याच्या भांड्याला ठोके घालणाऱ्या कारागिराचे नाव दिले.

विज्ञानाने त्याला डोळ्यांनी ओळखले. अठराव्या शतकातले युरोपीय नामकरण बहुधा वाळवलेल्या कातड्यांवरून आणि चित्रांवरून होई. त्या पक्ष्यांना आवाज नसे. १७७६ साली फिलिप म्युलर या जर्मन अभ्यासकाने फिलिपिन्समधल्या तांबटाला ‘बुक्को हेमासेफालस’ असे नाव दिले. हेमासेफालस म्हणजे रक्तवर्णी मस्तकाचा. लाल खरे तर कपाळ तेवढेच; पण प्राणिशास्त्रात आधी दिलेल्या नावाचा मान मोठा, वर्णन नेमके नसले तरी ते टिकते.

टिकत नाही ते कुलनाव. ‘बुक्को’ ही प्रजाती पुढे अमेरिकेतल्या निराळ्याच पक्ष्यांपुरती उरली. तांबट इतर घरे फिरून ‘मेगालायमा’त आला. हे नाम स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही बदलून ‘हेमासेफाला’ झाले. काळा-काळी-काळे शिकवणाऱ्या मराठीच्या अध्यापकाला या ठिकाणी एकदम घरी आल्यासारखे वाटते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसले की सायलोपोगॉन या प्रजातीतला सुमात्रा-मलायाकडचा पक्षी मेगालायमांच्याच गोतातला आहे. दोन्ही घरे एक करायची तर जुने नाव राखायचे, आणि सायलोपोगॉन हे १८३६चे नाव दोहोंत जुने. ते पुल्लिंगी असल्यामुळे ‘हेमासेफालस’ हे १७७६चे रूप पुन्हा परतले. शास्त्रीय ग्रंथांत आज म्युलरचे नाव कंसात छापतात. जातीचे घर बदलले आहे, एवढेच तो कंस सांगतो.

हे सारे वर्गात सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पण तांबट म्हणजे नक्की काय काम करणारा माणूस?” पक्षी तिने ऐकला होता, कारागीर ऐकला नव्हता. प्रश्न अगदी रास्त होता. स्टील आणि प्लास्टिक घरोघरी आल्यावर तो ठोका तिच्या कानांवर कुठून पडणार? उपमेचे एक टोक गळून पडले आहे आणि दुसरे झाडावर बसून ठोके देते आहे. एखाद्या भावी शब्दकोशात ‘तांबट’चा पहिला अर्थ पक्षी आणि दुसरा ‘या पक्ष्यासारखा आवाज करणारा पूर्वीचा कारागीर’ असा दिसला, तर आश्चर्य वाटू नये.

लॅटिन नावाचा सांभाळ करायला आंतरराष्ट्रीय संहिता आहे. त्याचे घर बदलले, लिंग बदलले, तरी नोंदींचा धागा तुटत नाही. मराठी नावामागे तशी कोणती संहिता नाही. कुणीतरी ठोका ऐकून शेजारच्याला ‘तांबट’ म्हणावे, एवढ्यावरच ते उभे आहे. म्हणून परीक्षेत येणार नाही हे ठाऊक असूनही त्या दिवशीचा उरलेला तास तांब्याचे भांडे कसे घडते, हे सांगण्यात गेला.