इस्तंबूलची लावणी

इस्तंबूलमधल्या पहिल्या सकाळी आम्ही हॉटेलच्या न्याहारीच्या दालनात गेलो आणि मी दारातच थबकले. समोरच्या दहा-बारा टेबलांवर निदान सात पुरुष असे बसलेले, की ज्यांच्या डोक्याचा तुळतुळीत गोटा, गोट्यावर मोहरी सांडल्यासारखे लाल ठिपके आणि कपाळावर आडवी काळी पट्टी! कुणी स्पॅनिश बोलत होता, कुणी इटालियन. सगळे ऑलिव्ह आणि चीज खाण्यात दंग. मला क्षणभर वाटले, एवढ्या सगळ्यांचे वडील एकदमच वारले की काय!

शेजारी उभ्या असलेल्या आमच्या बंधुराजांकडे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

हे बंधुराज माझ्याहून सात वर्षांनी धाकटे. पुण्यात बँकेत आहेत. कपाळ मागे मागे सरकत टाळूपर्यंत पोचले, तरी इतकी वर्षे त्यांनी तक्रार केली नव्हती. पण गेल्या खेपेच्या एका लग्नात कुणा बाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि मला विचारले, "हे तुमचे थोरले बंधू ना?" मी हसले. ते मात्र मठ्ठ्यापासून विड्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून केस लावून घेण्याचे वेड त्यांनी घेतले.

आता तुम्ही म्हणाल, त्यासाठी एवढ्या लांब कशाला? पुण्या-मुंबईत काय डॉक्टर नाहीत? आहेत की, आणि चांगले आहेत. पण पुण्यात टक्कल दिसलेले चालते. केस लावून घेतलेले कळता कामा नये. शिवाय इस्तंबूल हे या व्यवसायाचे पंढरपूर झाले आहे. खर्च युरोपच्या मानाने फार कमी, दवाखाने गल्लोगल्ली. तेव्हा 'भाऊ-बहीण सहलीला निघालो' असे सांगून 2023 च्या ऑक्टोबरात आम्ही विमानात बसलो.

पण बंधुराजांची एक अट होती. डोके भादरायचे नाही.

ही अट नटवेपणाची नव्हती. आमची आई पंच्याऐंशीची आहे. तिच्या आजीला तिने लाल अलवणात, पदर कपाळापर्यंत ओढलेली पाहिले आहे. आमचे वडील गेले तेव्हा बंधुराजांनी क्षौर केले. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी एका उन्हाळ्यात ते सहज म्हणाले, "उरलेत तेवढेही काढून टाकतो, कटकट मिटेल." आई तेव्हा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझा गोटा मी एकदाच पाहिलाय. दुसऱ्या वेळेला बघायला मी नसेन. मध्येच कशाला दाखवतोस?" तो विषय तिथेच संपला होता.

इस्तंबूल शहर त्या महिन्यात नवरीसारखे सजले होते. 29 ऑक्टोबरला तुर्की प्रजासत्ताकाला शंभर वर्षे होणार, म्हणून रस्त्यारस्त्यावर लाल निशाणे आणि जिकडे तिकडे केमाल अतातुर्कचे चित्र. डोक्यांच्या बाबतीत हा देश मोठा हळवा, हे मला तिथेच उमगले. 1829 मध्ये सुलतान महमूदने सरकारी माणसांच्या डोक्यावरचे फेटे उतरवून फेझ टोपी चढवली. 1925 मध्ये अतातुर्कने कायदा करून तीच फेझ उतरवली आणि साहेबी हॅट चढवली. आता सगळ्या जगाची डोकी इथे दुरुस्तीला येतात.

भाषाही कानाला परकी वाटेना. चहाला 'चाय', दुकानाला 'दुक्यान', मैदानाला 'मेदान'. न्हाव्याच्या दुकानावर मात्र 'बेर्बेर' अशी पाटी. ती वाचून आम्ही दोघे पोट धरून हसलो. केस लावण्याला तुर्कीत 'साच एकिमी' म्हणतात. साच म्हणजे केस आणि एकिम म्हणजे पेरणी. गंमत म्हणजे ऑक्टोबर महिन्याचे तुर्की नावही एकिमच. मी म्हटले, "मुहूर्त तर चांगला साधलास!"

पण पहिल्याच दवाखान्यात माशी शिंकली. तिथून महिनाभर गोड गोड निरोप आले होते : 'न भादरता? अवश्य!' प्रत्यक्षात एका चुणचुणीत तरुणाने बंधुराजांच्या कपाळावर निळ्या पेनाने रेघ ओढली, तीन हजार मुळे लावू म्हणून सांगितले आणि न्हाव्याचे यंत्र हातात घेतले. बंधुराजांनी अटीची आठवण दिली. तो हसून म्हणाला, "सगळेच असं म्हणतात. महिन्याभरात केस वाढतील." डॉक्टर कुठे आहेत विचारले, तर ते नंतर भेटतील. आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, हे मात्र लगेच सांगितले. बंधुराज खुर्चीतून उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चल ताई."

पैसे गेले. त्या दुपारी आम्ही मुकाट्याने भटकलो. गलाता पुलावर कठड्याला गळ टाकून माणसे ओळीने उभी होती. तिथून सहाव्या शतकातले जमिनीखालचे टाके पाहायला गेलो. सम्राट जस्टिनियनच्या काळातले हे टाके 336 खांबांवर उभे आहे. मंद उजेडात पाण्यावर खांबांच्या सावल्या हलतात. अगदी टोकाच्या दोन खांबांखाली बैठकीचे दगड म्हणून मेड्यूसाची मस्तके घातली आहेत, एक आडवे आणि एक चक्क उलटे. मेड्यूसा म्हणजे जिच्या डोक्यावर केसांऐवजी साप, आणि जिच्याकडे पाहणाऱ्याचा दगड होतो, ती. बंधुराज त्या उलट्या डोक्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "ताई, परत जाऊ या का घरी? टक्कल तर टक्कल."

माझे मन द्रवले. मीच म्हटले, "एका डॉक्टरला तरी नीट विचारू. मग ठरव."

शिशली भागात दुसरा दवाखाना मिळाला. तिथल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर. त्यांनी भिंगातून डोके पाहिले आणि पहिले वाक्य बोलल्या ते असे, "न भादरता करता येतं, पण थोडं, सावकाश आणि महाग."

मग त्यांनी जे समजावून सांगितले, ते मला आजवर कुणी इतके सोपे करून सांगितले नव्हते. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस जन्मभर टिकणारे असतात. टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाचे त्यांच्यावर फारसे चालत नाही. तिथला केस मुळासकट उचलून पुढे लावला, तरी तो आपला मूळचा स्वभाव सोडत नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ऑरेंट्राइक यांनी 1952 पासून ही गोष्ट करून पाहिली आणि 1959 मध्ये लेख लिहून मांडली. त्याही आधी, 1939 मध्ये, जपानच्या डॉ. ओकुदा यांनी भाजलेल्या व्रणांवर असे केस लावले होते. पण महायुद्धाच्या धामधुमीत ते पश्चिमेकडे पोचलेच नाही. ऑरेंट्राइक यांच्या काळी चार-चार मिलिमीटरचे तुकडे लावीत, म्हणून डोके बाहुलीसारखे दिसे. आता मिलिमीटरहून बारीक नळीने एक ते चार केसांचा एकेक पुंजका सुटा काढतात.

डोके भादरतात ते कामाच्या सोयीसाठी. आखूड केसाचा कोन दिसतो, नळी नेमकी बसते, हात भराभर चालतो. न भादरता करायचे तर दोन वाटा. एक, मागच्या वरच्या केसांचा पडदा उचलायचा आणि त्याखाली एक आडवी खिडकी तेवढी कापायची. पडदा सोडला की खिडकी झाकते. दुसरी, काढायचा तो पुंजकाच कात्रीने छाटायचा आणि बाकीच्याला हात लावायचा नाही. ही फार वेळखाऊ. शिवाय पुढे, जिथे लावायचे तिथे, जुन्या लांब केसांतून वाट काढत एकेक मूळ बसवावे लागते.

"म्हणजे भातलावणी!" मी म्हटले. "वाफ्यातलं रोप उपटायचं आणि चिखलात लावायचं. आमच्या कोकणात आई करायची." हे इंग्रजीत सांगताना माझी तारांबळ उडाली, पण बाईंना कळले.

"तीन हजार नाही," त्या म्हणाल्या. "पंधराशे, दोन दिवसांत. पुढची कड भरेल, टाळू तशीच राहील. आणि एक ऐका. भादरलं नाही म्हणून लपेल असं नाही. आठ-दहा दिवस कपाळावर खपल्या असतात. मग लावलेले केसही गळतात, घाबरू नका. मूळ आत जिवंत असतं. तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतं, खरं रूप वर्षानं दिसतं."

बंधुराजांनी माझ्याकडे पाहिले. पहिल्या ठिकाणी सगळे मिळणार होते. इथे निम्मेच मिळत होते. ते म्हणाले, "निम्मं चालेल."

ते दोन दिवस मी बोटीतच काढले म्हणा ना. एमिनोन्यूहून काडिकोय, काडिकोयहून परत. एका काठाला युरोप, दुसऱ्याला आशिया, आणि मध्ये ट्यूलिपच्या आकाराच्या पेल्यातला कडक चहा. सीगल पक्षी पावाचा तुकडा हातातून उचलून नेत. संध्याकाळी बंधुराज दवाखान्यातून बाहेर आले तेव्हा मागून पाहिले तर काहीच कळत नव्हते. पुढून मात्र कपाळ सुजलेले आणि रक्ताचे बारीक ठिपके. भूल देण्याच्या सुया तेवढ्या दुखल्या म्हणाले. रात्री त्यांना उशांवर उशा रचून टेकून झोपायचे होते. मी दर तासाला उठून पाहत होते. धाकटा भाऊ पन्नाशीला आला तरी धाकटाच.

दहा दिवस तिथेच राहून, खपल्या धुऊन काढून आम्ही परतलो. आईला त्यांनी वाकून नमस्कार केला. तिला हल्ली डोळ्यांनी कमी दिसते, म्हणून ती हातांनी पाहते. तिने दोन्ही तळवे त्यांच्या डोक्यावर ठेवले, सवयीप्रमाणे कपाळावरून टाळूवर आणि टाळूवरून मागे मानेपर्यंत नेले. तिथे बोटे थांबली. लांब केसांच्या पडद्याखाली शिरली. मी श्वास रोखून उभी.

"इथे धसकटं कसली रे लागतायत?" ती म्हणाली. "कापणी झालेली दिसत्ये."

बंधुराज माझ्याकडे पाहू लागले. मी काही बोलले नाही. मग त्यांनीच तिचा हात धरला, पुढे कपाळाच्या कडेवर आणून ठेवला आणि म्हणाले, "आणि इथे लावणी केलीय, आई. हळू हात लाव."

ती बराच वेळ हळू हात लावीत राहिली.

"पीक कधी यायचं?"

"वर्षानं, म्हणतात."

"बरं," ती म्हणाली. "बघू."