नळीवरची तारीख

ट्रेलर घेतला असं सांगितलं तेव्हा डोंबिवलीहून एकच प्रश्न आला. ‘म्हणजे ट्रक?’

ट्रक नव्हे हो! ट्रॅव्हल ट्रेलर. आपल्याच गाडीच्या मागे अडकवून ओढत न्यायची वीसफुटी खोली. आत झोपायची सोय, इवलंसं बाथरूम, फ्रीज, शेगडी आणि थंडीसाठी फर्नेस. डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या वन-रूम-किचनपेक्षा थोडी लहान, आणि त्या घरासारखीच कोपऱ्याकोपऱ्यात काहीतरी कोंबलेली. आमचा ट्रेलर २००९चं मॉडेल. २०२२मध्ये डेन्व्हरला सेकंडहँड घेतला. घेताना टायर बघितले, छत गळत नाही ना ते बघितलं, गाद्या दाबून बघितल्या. गॅसचं काय? शेगडी पेटवून बघितली, पेटली. झालं की!

२०२३च्या उन्हाळ्यात बाबा आले. आई २०२०च्या जानेवारीत गेली, त्यानंतर ते पहिल्यांदाच इकडे येत होते. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला होते, त्यामुळे आमच्याकडे घरात कधी प्लंबर आला नाही की इलेक्ट्रिशियन. आणि गॅसच्या बाबतीत तर विचारूच नका. रोज रात्री साडेदहाला स्वयंपाकघरातून ‘टक्’ असा आवाज यायचा. बाबांनी रेग्युलेटर बंद केला. त्या आवाजानंतरच आमच्या घरात रात्र व्हायची. नाक तर असं की शेजारच्यांचं दूध उतू गेलं तरी आधी बाबांना कळायचं.

तर सप्टेंबरात आम्ही बाबांना घेऊन एस्टेस पार्कला गेलो. डेन्व्हरपासून दीडेक तास, साडेसात हजार फूट उंची. दिवसा टी-शर्ट पुरतो, रात्री मात्र दात वाजतात. पहिल्याच रात्री दोन वाजता बायकोनं मला हलवलं. फर्नेसचा पंखा घोंघावत होता, पण वारा गारच. लेक दोन स्वेटर घालून मुटकुळं करून पडलेली. टॉर्च घेऊन बाहेर गेलो, तर सिलिंडर बंद!

‘हा कोणी बंद केला?’

पांघरुणातून शांत आवाज. ‘मी. रात्री बंद करायचा असतो ना?’

फर्नेस गॅसवर चालतो हे त्यांना मीच सांगितलं नव्हतं, त्यामुळे बोलणार काय? दुसऱ्या रात्री बाबांनी सिलिंडरला हात लावणार नाही असं कबूल केलं. तरीही पहाटे फर्नेस बंदच पडला. सकाळी चहा ठेवला तर ज्योत निळी असायची ती पिवळी, झोपेतून उठल्यासारखी. मी आपला उंचीला दोष देत होतो. तेवढ्यात बाहेर खेळणाऱ्या लेकीनं हाक मारली, ‘आजोबा, इथे सडक्या कोबीचा वास येतोय!’

ती ट्रेलरच्या पुढच्या दांड्यापाशी उभी होती, जिथे दोन सिलिंडर बसवलेले असतात. बाबा गेले, वाकले, अगदी नळीला नाक लावलं.

‘छे! कसला वास?’

मी गेलो तर वास सणसणीत. बायकोलाही आला. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मरकॅप्टन नावाचं घाणेरड्या वासाचं रसायन घालतात. बाबा पुन्हा वाकले. या वेळी बराच वेळ. मग उठले आणि नुसतं म्हणाले, ‘भांड्यांचा साबण आण.’

वाटीत फेस केला, बोटानं नळीला लावला. सिलिंडरच्या नटाजवळ, रबर जिथे पितळेच्या कॉलरमध्ये शिरतं तिथे, मोहरीएवढे बुडबुडे यायला लागले. एक फुटला की दुसरा. बाबांनी नळी जराशी वाकवली, तर वरचं रबर टाचेला भेगा पडाव्यात तसं फाटलेलं. चौदा वर्षांचं ऊन, बर्फ आणि हायवे. दोन्ही सिलिंडर बंद केले, सामान आवरलं आणि तडक घरी.

गळती बाहेर होती, उघड्यावर, म्हणून बचावलो असं म्हणू. पण मग आतल्या अलार्मचं काय? प्रोपेन हवेच्या दीडपट जड, त्यामुळे गळला की खाली साचतो, म्हणून ट्रेलरमध्ये गॅसचा डिटेक्टर जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो. त्याचा हिरवा दिवा कायम लागलेला, आणि तो बघून मला कायम बरं वाटायचं. घरी येऊन तो काढला, मागचं लेबल वाचलं. २००९. या डिटेक्टरांचं आयुष्य पाच ते सात वर्षं. हिरवा दिवा एवढंच सांगत होता की वीज येतेय. बाबा त्याच्याकडे बघत म्हणाले, ‘रिटायर होऊन कधीचा बसलाय, तुला सांगितलं नाही त्यानं.’

आता थोडं टेक्निकल, पण सोप्पं आहे. सिलिंडरच्या आत प्रोपेन द्रवरूपात दाबून भरलेला. वीस अंश तापमानाला आतला दाब साधारण ११० पीएसआय, म्हणजे गाडीच्या टायरच्या तिपटीहून जास्त. शेगडीला मात्र लागतो अगदी फुंकरीएवढा. हे काम रेग्युलेटर दोन टप्प्यांत करतो. इथे दोन सिलिंडर दोन छोट्या नळ्यांनी एकाच रेग्युलेटरला जोडलेले असतात, एक संपला की तो आपोआप दुसऱ्यावर जातो. आणि ‘इतक्या थंडीत याचा गॅस होतो तरी कसा?’ हा बाबांचा प्रश्न एकदम करेक्ट होता. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास हातपाय गाळतो, प्रोपेन मात्र उणे बेचाळीसपर्यंत उकळत राहतो. म्हणून इकडे नुसता प्रोपेन.

दुकानातून दोन नळ्या, एक रेग्युलेटर आणि नवा डिटेक्टर आणला. नळ्या आणि रेग्युलेटर मिळून शंभर डॉलरच्या आत. आम्ही एका वीकेंडला हॉटेलात त्याहून जास्त घालवतो. शनिवारी सकाळी बाबा शर्टाच्या बाह्या सरसावून हजर. माझ्या हातात पाना, तोंडी सूचना त्यांच्या. म्हणजे वय ३८, पण पोझिशन हेल्परची!

सिलिंडर बंद होतेच. नळीत उरलेला गॅस बर्नर पेटवून संपवला. सिलिंडरकडचे हिरवे प्लॅस्टिकचे नट हातानंच फिरतात, पाना लावायचा नाही. ते प्लॅस्टिक स्वस्तात काम उरकायला नाही बरं का! आग लागून नट तापला तर तो मऊ पडतो आणि सिलिंडरचं तोंड आपोआप मिटतं. रेग्युलेटरकडची टोकं मात्र गंजून बसलेली. एक पाना धरायला, दुसरा फिरवायला. ‘एकानंच जोर लावलास तर आतली नळी पिळवटेल,’ हे बाबांनी तीनदा ऐकवलं. जुना रेग्युलेटर सुटला आणि त्यातून काळपट पिवळं तेल ठिबकलं. नळीचं रबर जुनं होताना त्यातलं तेल सुटतं, ते गॅसबरोबर येऊन आत साचतं. पिवळ्या ज्योतीचं आणि गार फर्नेसचं कोडं तिथे सुटलं. एकटी नळी बदलली असती तर अर्धंच काम झालं असतं.

जोडताना एक गोष्ट बाबांमुळे वाचली. मी सगळ्या आट्यांना सरसकट टेप गुंडाळायला निघालो होतो. त्यांनी हात धरला. नळीचं टोक शंकूसारखं असतं, पितळेवर पितळ बसूनच ते बंद होतं. तिथे टेप लावली तर ते नीट बसतच नाही. गॅससाठीची पिवळी टेप फक्त निमुळत्या आट्यांना. रेग्युलेटरचं श्वास घ्यायचं भोक खालच्या बाजूला ठेवलं, म्हणजे पाणी शिरून बर्फ व्हायला नको. मग व्हॉल्व्ह अगदी हळू उघडला. झटक्यात उघडला तर आतली सेफ्टी समजते की नळी तुटली, आणि गॅस अडवून धरते. पुन्हा साबण. लेक पालथी पडून बुडबुडे शोधत होती. एकही नाही.

बाबांचं समाधान? नाव नको. त्यांनी पारदर्शक नळी मागवली, फळीवर ‘यू’ आकारात ठोकली, अर्धी पाण्यानं भरली आणि एक टोक बर्नरच्या नोझलवर बसवलं. गॅसवरचा गीझर चालू ठेवला आणि बर्नरची कळ उघडली. पाणी एका बाजूला खाली गेलं, दुसऱ्या बाजूला चढलं. पट्टी लावली. फरक ११ इंच, अठ्ठावीस सेंटिमीटर. जेवढा हवा बरोब्बर तेवढा.

‘आपल्या घरच्या रेग्युलेटरचा तीस,’ बाबा म्हणाले. ‘बघ, सगळीकडे सारखंच.’

(नंतर आरव्हीच्या मेकॅनिककडून रीतसर प्रेशर टेस्टही करून घेतली. बाबांना ते फारसं आवडलं नाही.)

हात धुताना मी सहज विचारलं, ‘बाबा, घरची नळी कधी बदललीत?’

‘ते तुझी आई बघायची.’

पुढे बराच वेळ नुसतं नळाचं पाणी वाहत होतं. गॅसचं पुस्तक, नंबर लावणं, मेकॅनिकला बोलावणं, सगळं आईचं डिपार्टमेंट. बाबांकडे फक्त रात्रीचं ‘टक्’. मग त्यांनीच सांगितलं. ‘वास नाही येत रे मला. एकवीस साली कोविड झाला ना, तेव्हापासून. चहाला पण नाही.’

‘सांगितलं का नाहीत?’

‘सांगून काय करणार होतास? तिकडून येऊन वास घेणार होतास?’

त्याच रात्री, म्हणजे तिकडची सकाळ, शेजारच्या काकूंना फोन केला. त्यांच्याकडे किल्ली असते. त्यांनी ओट्याखाली वाकून फोटो पाठवला. आयएसआय मार्कवाली केशरी नळी, तिच्यावर छापलेली तारीख, मे २०१३. या नळीची मुदत पाच वर्षं. म्हणजे २०१८मध्ये बदलायला हवी होती. २०१८च्या मे महिन्यात आईची दुसरी किमो चालू होती. बाबा तो फोटो मोठा करकरून बघत होते. तारीख कधीच वाचून झाली होती.

डिसेंबरात मी त्यांच्याबरोबर डोंबिवलीला गेलो. एजन्सीचा मेकॅनिक आला, दहा मिनिटांत नळी आणि रेग्युलेटर बदलून गेला. मी डिटेक्टर आणला आणि ओट्याखाली, जमिनीपासून फूटभरावर लावला. बाबांनी स्टूल घेऊन सिलिंडरच्या कड्याजवळची पट्टीही मला वाचायला लावली. तिच्यावर ‘बी’ आणि पुढे वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून. त्या तिमाहीत सिलिंडरची तपासणी व्हायलाच हवी. इतकी वर्षं तो सिलिंडर मी दारातून ओट्यापर्यंत फिरवत नेलाय, ती अक्षरं कधी वाचली नव्हती.

जुन्या नळीचा एक तुकडा बाबांनी ठेवून घेतला. कशाला, ते मी विचारलं नाही.

आता दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. आधी हवापाणी, मग गुडघे, मग ते फोन घेऊन स्वयंपाकघरात जातात, हळूहळू खाली बसतात आणि डिटेक्टरचं टेस्टचं बटण दाबतात. कर्कश्श आवाज डेन्व्हरपर्यंत येतो. लेक कानांवर हात ठेवून हसते.

‘आला का ऐकू?’ बाबा विचारतात.

‘आला, बाबा.’

‘मग ठेवतो,’ म्हणतात. त्यांच्याकडे साडेदहा वाजलेले असतात. फोन ठेवायच्या आधी ‘टक्’ होतं.